भरतीला पक्षी कुठे जातात: भांडुप ते शिवडी, माघातले चार दिवस

मुंबईच्या खाडीत पक्षी पाहायचे तर घड्याळाआधी पंचांग उघडावं. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तो तास भरतीचा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. छापील कोष्टकाशी ताडून पाहिला तर मुंबईत प्रत्यक्ष भरती बहुधा अर्धा-पाऊण तास उशिरा येते आणि खाडीत ठाण्याकडे जावं तसा आणखी उशीर होतो. सहल आखायला एवढं पुरतं, वेळा मात्र कोष्टकावरूनच ठरवायच्या.

या सहलीसाठी माघ शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा हे चार दिवस निवडले. या तिथींना दिवसाची भरती सकाळी दहा ते दुपारी बारा-साडेबारा अशी सरकत जाते, म्हणजे उजेडात. शिवाय दिवस उधाणाकडे चाललेले असतात. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, भरतीलाही चिखलाचा काही पट्टा उघडा राहतो आणि पक्षी तिथेच, काठापासून लांब विखुरलेले बसतात. दुर्बिणीला काही लागत नाही. उधाणाला मात्र सगळा चिखल बुडतो आणि पक्ष्यांना उठावंच लागतं. हिवाळ्यात मुंबईत दिवसाची उधाणाची भरती चार मीटरच्या आगेमागे असते, रात्रीची तिच्याहून मोठी. पावसाळ्यात हे नेमकं उलटं होतं.

खाडीतल्या चिखल्या-तुतवारासारख्या चिखलात टोचून खाणाऱ्या पक्ष्याला किंवा रोहिताला, म्हणजे फ्लेमिंगोला, दोन जागा लागतात: ओहोटीला खायची आणि भरतीला विसाव्याची. पहिली म्हणजे खाडीचा उघडा चिखल. दुसरी म्हणजे भरतीची मिठागरं, खाजणं, उथळ तळी. त्यातली पहिली बऱ्यापैकी राखली गेली आहे. शहर खातंय ते दुसरीला. म्हणून या सहलीचा आराखडा भरतीच्या जागांभोवती आखला आहे.

सामान थोडंच लागतं. ८×४२ची दुर्बीण, शक्य असेल तर २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप आणि जड तिपाई. हलकी तिपाई खाडीच्या वाऱ्यात थरथरते आणि चाळीस पटीच्या पुढे काही दिसेनासं होतं. टोपी, दोन लिटर पाणी, डासांचं मलम, मळकट रंगाचे कपडे. गमबूट घालून चिखलात उतरायचा विचार सोडून द्यावा. ठाणे खाडीचा चिखल गुडघ्यावर जातो, बूट आत राहतो. सगळं पाहणं बांधावरून, रस्त्यावरून किंवा होडीतून करायचं.

पहिला दिवस, द्वादशी: भांडुप आणि ऐरोली

भरती दहाच्या सुमारास. सातपर्यंत भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर पोचलेलं बरं. भांडुप किंवा कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेकडून रिक्षा मिळते, परतीची मिळत नाही. रिक्षा थांबवून ठेवावी नाहीतर पूर्व द्रुतगती महामार्गापर्यंत चालत यावं. आतला रस्ता अरुंद आहे. गाडी मध्येच उभी केली की मागे टँकर अडतो आणि तंटा होतो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना उथळ तळी आणि कांदळवन. सकाळी सूर्य खाडीच्या बाजूने, म्हणजे डोळ्यांवर येतो, त्यामुळे पूर्वेकडच्या पाण्यातले पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. आधी पश्चिमेकडची तळी उरकायची. तिथे शेकाटे, थापट्या, चक्रांग, तलवार बदकं असतात. बोरू-गवताच्या कडेला जमिनीलगत शंकर हा छोटा पक्षी फिरतो. त्याचा निळा गळा समोरून वळला तरच दिसतो, पण शेपटीच्या बुडाचा विटकरी रंग उडताना ओळख पटवतो. वर दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून गवतावरून खालून-खालून जातो, आणि तो आला की बदकं एकदम पाण्यात गोळा होतात. हिवाळ्यात मोठा ठिपक्यांचा गरुडही या भागात असतो. घारींच्या गर्दीत तो शोधायचा तर शेपूट पाहावी. घारीची दुभंगलेली असते, गरुडाची आखूड आणि गोल.

आठनंतर खाडीकडून थवे येऊ लागतात. उरणइतकी गर्दी इथे होत नाही, पण भांडुप-कांजूर-मुलुंड पट्ट्याचं महत्त्व कळायला ही जागा चांगली. या बाजूला मिठागरं आहेत. मिठागर म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उथळ होत जाणारे वाफे. भरतीचं पाणी पहिल्या मोठ्या साठ्यात घ्यायचं, तिथून पुढच्या वाफ्यात, तिथून आणखी पुढे, आणि प्रत्येक टप्प्यावर पाणी आटून खारटपणा वाढत जातो. शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. पक्ष्यांना शेवटचे वाफे निरुपयोगी. त्यांना हवे असतात ते पहिले साठे, जिथे घोट्याएवढं पाणी, आळ्या, झिंगे आणि मोकळी नजर असते. मीठ पिकवणं बंद झालं की कोणी बांध दुरुस्त करत नाही. मग एकतर बांध फुटून कांदळ शिरतं, नाहीतर पाणी येणंच थांबून जमीन कडक होते. दोन्ही वाटांनी उथळ उघडं पाणी जातं. पडीक मिठागर पाहून "इथे कुठे पक्षी आहेत" असं विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो पाच-सात वर्षं उशिरा आलेला असतो.

कायदाही इथे मदतीला येत नाही. २०१७च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांनी पाणथळीच्या व्याख्येतून भातशेती आणि मीठ, मत्स्यशेती, सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने केलेले जलसाठे वगळले आहेत. मिठागर त्यामुळे पाणथळ ठरत नाही. किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात तेवढेच. २०२४ मध्ये मुंबईतल्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी राज्याला द्यायला मंजुरी मिळाली. ती याच कांजूर, भांडुप, मुलुंड भागातली.

दहाला भरती ओसरायला लागली की मुलुंड-ऐरोली पुलावरून पलीकडे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याच्या होड्या सुटतात. होडीची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, म्हणून "गेल्या रविवारी नऊला होती" हा हिशेब चालत नाही. आरक्षण आधी करावं. जानेवारी ते मार्चमधले शनिवार-रविवार लवकर भरतात. उतरत्या पाण्यावरची फेरी घ्यावी. भरपूर भरतीत होडी कुठेही जाते, पण पक्षी नसतात. पूर्ण ओहोटीत पक्षी असतात, पण होडी मधल्या खोल पात्रातून बाहेर पडू शकत नाही. भरतीनंतर दोन-अडीच तासांनी चिखलाच्या कडा उघड्या पडतात आणि रोहित त्या कडेला रांग धरतात.

इथल्या थव्यांत बहुसंख्य छोटे रोहित. ओळखायला उंचीपेक्षा चोच बरी, कारण एकटा पक्षी उभा असला की उंची फसवते. छोट्या रोहिताची चोच बुडापासून गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. खाणंही वेगळं. छोटा चोच उलटी धरून पाण्याच्या वरच्या थरातलं नीलहरित शेवाळ गाळतो. मोठा मान खोल घालून चिखलातले किडे आणि झिंगे काढतो. ठाणे खाडीत छोटे रोहित १९९०च्या दशकापासून मोठ्या संख्येने यायला लागले. खाडीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, आणि तेच त्यांचं अन्न. गुलाबी थव्यांचे फोटो पाहून खाडी स्वच्छ झाल्याचं अनुमान काढणाऱ्यांनी एकदा ओहोटीला होडीत बसून वास घ्यावा.

ठाणे खाडी रोहित अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. म्हणजे खाण्याच्या जागेला नकाशावर चांगलं कुंपण पडलं आहे. विसाव्याच्या जागांपैकी भांडुप, नेरूळचे टी. एस. चाणक्य (नौवहन प्रशिक्षण संस्थेमागचं पाणी) आणि एनआरआय (त्या नावाच्या संकुलाशेजारचं तळं), उरणचे पाणजे, भेंडखळ आणि बेलपाडा या सहा ठिकाणांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने खाडीच्या उपग्रह पाणथळी म्हटलं आहे. त्यांना जपल्याशिवाय अभयारण्य चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरा दिवस, त्रयोदशी: उरण

भरती तिथीच्या हिशेबाने पावणेदहाला, कोष्टकात साडेदहाच्या आसपास. पक्षी भरतीच्या दोन-अडीच तास आधी यायला लागतात, म्हणून आठच्या आत बांधावर हजर. जानेवारी २०२४ पासून उपनगरी गाडी थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे नेरूळ किंवा बेलापूरहून सकाळची गाडी धरून द्रोणागिरी स्थानकाला उतरता येतं. गाड्यांत अंतर बरंच आहे, एक चुकली की भरतीच चुकते. पुढे पाणजे-फुंडेकडे रिक्षा. स्वतःच्या गाडीने यायचं तर कंटेनरच्या रांगा धरून वेळ काढावा.

पाणजेची पाणथळ सुमारे २८९ हेक्टर, द्रोणागिरी नोडच्या, म्हणजे नियोजित वसाहतीच्या, आराखड्यात सापडलेली. काही वेळा सुरक्षारक्षक आत सोडत नाहीत. वाद घालण्यात अर्थ नसतो. सार्वजनिक रस्त्यावरून स्कोप लावला तरी बरंच दिसतं. सूर्य पाठीशी राहील अशी पूर्वेची बाजू धरायची. साडेदहा-अकरानंतर पाण्यावरून उन्हाच्या लाटा उठतात आणि स्कोपमधला पक्षी पाझरायला लागतो. बारीक ओळखीची कामं त्याआधी संपवायची.

आधी मोठे येतात: कुरल, गॉडविट, उचाट्या. छोटे शेवटी. जितका पक्षी लहान तितका त्याला वजनाच्या मानाने जास्त वेळ खावं लागतं, म्हणून छोटा टिलवा शेवटचा चिखल बुडेपर्यंत टोचत राहतो. त्याचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. इथून एप्रिल-मेमध्ये उत्तरेला सैबेरियाच्या टुंड्रापर्यंत जायचं तर मार्चपासून चरबी साठवावी लागते. विसाव्याच्या तीन तासांत कुत्रं, माणूस किंवा डंपर यांनी चार-पाच वेळा उठवलं तर सकाळी कमावलेलं उडण्यातच जातं. थवा उठवून फोटो काढणारा हौशी माणूसही या हिशेबात डंपरच्याच रकान्यात येतो. खूण साधी आहे. झोपलेल्या पक्ष्यांच्या माना एकदम वर झाल्या की थांबायचं, एक पाऊल पुढे टाकायचं नाही. ड्रोन तर नकोच.

वाळूचिखल्यांमध्ये मोठा आणि लहान वेगळे काढणं हे उरणचं खरं काम. फक्त आकारावर जाऊ नये. चोच पाहावी: लहान वाळूचिखल्याची चोच तिच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराएवढी किंवा त्याहून आखूड आणि बोथट, मोठ्याची लांब, जड आणि टोकाला निमुळती. मोठ्याचे पाय लांब आणि फिकट, उडताना शेपटीच्या बाहेर जरासे दिसतात. दोन्ही शेजारी उभे असतील तरच निर्णय पक्का. एकटा पक्षी "वाळूचिखल्या" म्हणून नोंदवण्यात कमीपणा नाही. कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन यांची गफलतही नेहमीची. दोघांची चोच खाली वाकलेली, पण उडताना कर्ल्यू सँडपायपरचं बूड पूर्ण पांढरं, डनलिनच्या बुडावरून मधोमध काळी रेघ. टेरेक सँडपायपर मात्र चोचीवरून लगेच कळतो. ती वर वळलेली, पाय पिवळट नारिंगी, आणि चालण्याऐवजी धावतो. ब्लॅक-टेल्ड गॉडविटच्या पंखावर पांढरा रुंद पट्टा, बार-टेल्डच्या पंखावर नाही.

पायांत कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर नोंद पुरी करायची: कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, एकापेक्षा जास्त पट्ट्या असतील तर वरून खाली रंगांचा क्रम, आणि अक्षरं वाचता आली तर तीही. "पिवळी पट्टी होती" एवढ्यावरून कोणत्या देशात पक्षी पकडला गेला ते निश्चित होत नाही. फोटो धूसर असला तरी जोडावा.

मोजणी ठोकळ्यांनी करतात. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यांत ठसवायची, मग शंभराचा ठोकळा, आणि तो ठोकळा थव्यावर सरकवत जायचा. थव्याच्या मधली दाटी आणि कडेची विरळता सारखी धरली की आकडा फुगतो. मोठ्या थव्यात एरवी कमी मोजण्याकडे कल असतो. दोघांनी वेगळं मोजून मग बोलावं. पहिल्याने आकडा मोठ्याने सांगितला की दुसऱ्याचा त्याच्याकडे सरकतोच. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून याच पद्धतीने होत आली आहे.

आता पाण्याचं. पाणजे काय किंवा भेंडखळ काय, या जागा एकेकाळच्या खाजणातल्या, बांध घालून अडवलेल्या. पाणी आत-बाहेर जातं ते उघाड्यांतून आणि नळ्यांतून. उघाडी म्हणजे बांधातली झडप. शेतीसाठीची उघाडी ओहोटीला आतलं पाणी सोडते आणि भरतीला खारं पाणी आत येऊ देत नाही. पक्ष्यांच्या तळ्याला नेमकं उलट हवं: भरतीला थोडं पाणी आत यायला हवं आणि सगळं निघून जाता कामा नये. छोट्या टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं, गॉडविटला दहा-बारा, शेकाट्याला त्याहून जरा अधिक, रोहिताला तीस-चाळीसही चालतं. म्हणून तळ असमान असलेलं, एका बाजूने उतरत जाणारं तळं सर्वांत उपयोगी. सपाट तळाच्या तळ्यात एका वेळी एकाच उंचीच्या पायांची सोय होते.

झडप बंद केली किंवा नळीच्या तोंडावर भराव टाकला की काय होतं, तेही उरणमध्ये पाहायला मिळतं. पहिल्या आठवड्यात पाणी उथळ होतं आणि पक्षी उलट वाढतात, कारण मासे-झिंगे कोंडले जातात. कोणी त्याच दिवशी मोजणी केली तर आकडा छान येतो. मग पाणी आटतं, मिठाचा पापुद्रा धरतो, चिखलातले किडे मरतात, तळाला भेगा पडतात. पक्षी येऊन घिरट्या घालतात आणि निघून जातात. दोन-तीन मोसमांनी जमिनीवर गुरं आणि क्रिकेट. त्यानंतर रात्री राडारोडा पडायला लागतो, आणि पुढच्या सरकारी पाहणीत ती कोरडी जमीन म्हणून नोंदली जाते. बेलपाडा आणि सावरखार भागाचा मोठा हिस्सा असाच भरावाखाली गेला. उरणची पडझड नवी नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून किनाऱ्याची आखणी बदलत आली आहे. पण बंदराने खाजणाचा एक तुकडा घेतला तेव्हा शेजारी दुसरा तुकडा होता. आता शेजारच नाही.

कांदळवनाची गोष्ट वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळ तोडायला आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली, सप्टेंबर २०१८च्या निकालाने ती पक्की झाली. चांगलंच झालं. फक्त पाणपक्ष्यांच्या दृष्टीने कांदळ आणि उघडा चिखल ही एकच गोष्ट नाही. चिखल्या झाडाजवळ उतरत नाही, कारण झाडाआडून बहिरी ससाणा येतो. गाळ साचून कांदळ पुढे सरकलं की उघडा चिखल आकसतो. विसाव्याच्या तळ्यात कांदळाची रोपं लावून "हरितीकरण" केलं तर पक्ष्यांची जागा शासकीय खर्चाने बंद होते. रोपं लावायला माणसं हौसेने येतात, उघडा चिखल तसाच राहू द्या म्हणून सांगायला कोणी येत नाही.

दुपारी परतीच्या वाटेवर उलव्याकडे नवी मुंबई विमानतळ. १,१६० हेक्टर, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन, त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि टेकडी कापली. विमानांना पक्षी धडकण्याचा धोका खरा आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यावरून उरणची तळी बुजवा असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पक्ष्याच्या बाजूने एकदा पाहावं. भरतीच्या रेषेच्या वर, सपाट, चहूबाजूंनी मोकळी, झाडं नसलेली, माणसं-कुत्री आत येऊ न शकणारी जागा त्याला हवी असते. पाणजे गेलं तर या वर्णनात बसणारी आसपासची सर्वांत मोठी जागा म्हणजे धावपट्टीच्या कडेची जमीन.

तिसरा दिवस, चतुर्दशी: नेरूळ

सीवूड्स-दारावे स्थानकापासून सगळं रिक्षाच्या टप्प्यात. भरती सव्वाअकराच्या आगेमागे, नऊपासून थांबावं. टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागचं पाणी, एनआरआय संकुलाशेजारचं तळं आणि सेक्टर ५२ जवळचं डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूलशेजारचं) तळं असा क्रम ठेवला तर सूर्य बराच वेळ सोयीचा राहतो. इथे दुर्बिणीचीही फारशी गरज नाही. रोहित फिरायच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर उभे असतात. गर्दी मात्र माणसांचीही असते. फोटोंसाठी पहिला दीड तास बरा, त्यानंतर पिसांचा रंग उन्हात फिका पडतो.

डीपीएस तळं सुमारे ३० एकरांचं. २०२४च्या उन्हाळ्यात इथे रोहित मरून पडले तेव्हा तळ्याला खाडीचं पाणी आणणारी वाट बंद झाली होती. नेरूळ जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा मोठा दिशाफलकही, त्याला रोहित धडकल्यावर, काढावा लागला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मान्यता दिली. पण दर्जाने पाणी येत नाही, ते नळीतून येतं, आणि नळी किती उंचीवर बसवली त्यावर सगळं अवलंबून.

ती फार वर बसवली तर फक्त उधाणाचं पाणी आत शिरतं. मधले भांगाचे आठ-दहा दिवस तळ्याला एक थेंब मिळत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर दहा दिवसांत पाच-सहा सेंटिमीटर. वीत-दीड वीत खोलीच्या तळ्यात तेवढ्याने कडेचा मोठा पट्टा उघडा पडतो, उरलेल्या पाण्याचा खारटपणा वाढतो, प्रवाह थांबून शेवाळाची साय धरते. नळी फार खाली बसवली तर ओहोटीला तळं रिकामं होतं. भांगाच्या भरतीलाही थोडं पाणी आत यावं, आणि बाहेर जाताना आत उंबरठा असावा म्हणजे ठराविक पातळीखाली पाणी उतरणार नाही, हा मधला मार्ग. नळीच्या तोंडाशी जाळी लावली तर दर उधाणानंतर प्लास्टिक काढायला माणूस नेमावा लागतो. तो नेमला गेला नाही की जाळीच बूच होते. गाळ काढताना यंत्राने तळ सपाट करायचा नाही, हे कंत्राटात लिहून घ्यावं लागतं. लिहिलं नाही तर सपाटच होतो, कारण ठेकेदाराला मोजमाप तसंच सोपं जातं.

दिव्यांचा प्रश्नही या पट्ट्यातलाच. रोहित रात्रीही जागा बदलतात, विशेषतः रात्रीची भरती मोठी असते तेव्हा. तळ्याकडे तोंड करून लावलेले पांढरे प्रखर एलईडी त्यांना भांबावतात. दिवे काढायची गरज नाही. झापड लावून उजेड खाली वळवला आणि पांढऱ्याऐवजी पिवळट दिवे बसवले तरी बराच फरक पडतो. २० मे २०२४ला रात्री मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरच्या आकाशात थवा धडकून ३९ रोहित मेले. एका घटनेवरून कारण ठरवता येत नाही. मात्र नेहमीच्या विसाव्यावरून उठवलेला थवा अंधारात नवी जागा शोधत फिरतो, आणि या शहराच्या आकाशात रात्री मोकळी वाट फारशी नाही.

चौथा दिवस, पौर्णिमा: शिवडी

पौर्णिमेला भरती बाराच्या पुढे. शिवडीची जेट्टी खाडीच्या पश्चिम काठावर आहे, म्हणून सकाळी सूर्य समोर येतो. इथे दुपारीच जायचं. अडीच ते पाच, पाणी उतरत असताना. हार्बर मार्गावरच्या शिवडी स्थानकाच्या पूर्वेला उतरून गोदामांच्या रस्त्याने चालत वीसेक मिनिटं. ट्रकांची वर्दळ आणि कोळशासारखी काळी धूळ, तेव्हा स्कोपची काच जेट्टीवर पोचेपर्यंत झाकलेली ठेवावी. पाणी जेट्टीपासून सरकायला लागलं की पहिला उघडा पट्टा जवळचाच असतो, आणि तासाभरात पक्षी त्याच्यामागे दूर जातात. म्हणजे जवळून पाहायला मिळतो तो एकच तास.

शिवडी-माहूलचा चिखल एकेकाळी मुंबईत रोहित पाहायची पहिली जागा होता. आता माथ्यावरून अटल सेतू जातो. २१.८ किलोमीटर लांब, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला. पक्ष्यांसाठी काही भागात आवाज अडवणाऱ्या भिंती लावल्या आहेत. रोहित अजून येतात, पण मोठे थवे ऐरोली-नेरूळच्या अंगाला जास्त दिसतात. पुलाच्या खांबांजवळ लाल पायांचे आणि हिरव्या पायांचे टिलवे, वर कुरव (गल) आणि सुरय (टर्न) फिरतात. कुरवांचे डोळे पाहावेत: तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळं फिकी, काळ्या डोक्याच्याची गडद. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं, त्यामुळे नावावर जाऊन उपयोग नाही.

यादी पाठवताना चार ठिकाणच्या आकड्यांची बेरीज करायची नाही. भांडुपला सकाळी दिसलेला थवा दुपारी ऐरोलीत, नेरूळचा रात्री आणखी कुठे असू शकतो. पाणजेचं पाणी तोडलं की नेरूळचा आकडा वाढतो, आणि तोच वाढलेला आकडा पुढे "पक्षी कमी झालेले नाहीत" म्हणून कागदावर येतो. गर्दी वाढणं आणि पक्षी वाढणं यांतला फरक पाहायचा तर सर्व विसाव्यांवर एकाच भरतीला माणसं उभी करावी लागतात. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक ठिकाणच्या नोंदीत तिथी, कोष्टकातली भरतीची वेळ आणि उंची, तळ्यात पाणी घोट्याएवढं की गुडघ्याएवढं, आणि उघाडी किंवा नळी वाहती आहे की बंद, एवढं लिहावं. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर यासाठी वेगळा रकाना नाही. यादीखालच्या टिपणाच्या जागेत ते मावतं.